एक वाळूवरची, एक कातळावरची : मर्यादवेल आणि सीतेची आसवं

कातळफूल | ७ सप्टेंबर, रात्री ९.१०

आमच्या गावात खाली पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, आहे आणि वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा सपाट कातळ. मधे पाखाडी, चढायला वीस मिनिटं. गेल्या रविवारी लेकीला घेऊन सकाळी पुळणीवर गेले आणि ऊन तापायच्या आत सड्यावर. खाली मर्यादवेल फुलली होती, वर सीतेची आसवं. घरी आल्यावर तिने दोन्ही फुलं वहीत शेजारीशेजारी काढली, दोन्हींना एकच जांभळा खडू वापरला आणि विचारलं, "आई, ह्या बहिणी आहेत का गं?"

नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. पण का नाहीत हे समजावायला बसले आणि त्यात माझेच दोन दिवस गेले. जे हाती लागलं ते इथे मांडते. चुकलं तर सांगा, इथे जाणकार पुष्कळ आहेत.

आधी मर्यादवेल. शास्त्रीय नाव इपोमिया पेस-काप्रे. पेस-काप्रे म्हणजे बकरीचा पाय. पान मधोमध दुभंगलेलं असतं, अगदी बकरीच्या खुरासारखं. लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद केली तेव्हाच हे नाव दिलं. आपल्याकडचं नाव मला त्याहून आवडतं. समुद्राने कुठवर यायचं त्याची मर्यादा जिथे, तिथली ही वेल. भरतीची रेघ संपते आणि हिची पहिली पानं सुरू होतात. फूल सकाळी उघडतं, दुपारपर्यंत मिटून जातं. पान जाड, मांसल, तोडलं की पांढरा चीक येतो. वेल वाळूवर लांबच लांब पसरते आणि पेराला वाळू लागली की तिथे मूळ धरते. वाऱ्याने उडणारी वाळू पानांना अडते, साठते, वेल त्यात गाडली जाते, आणि गाडलेल्या पेरातून मूळ खाली, कोंब वर. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की वाळूचं टेकाड तयार होतं. म्हणजे वेल टेकाडावर उगवते असं नाही, टेकाडच वेलीमुळे उभं राहतं.

आता आसवं. युट्रिक्युलारिया रेटिक्युलाटा. वीतभर बारीक दांडा, त्यावर निळसर जांभळी, दोन ओठांची फुलं, पाकळीवर जाळीसारख्या शिरा. रेटिक्युलाटा हे नाव त्या जाळीवरूनच आलं. दांडा बहुधा शेजारच्या गवताच्या काडीला विळखा घालून उभा असतो, कारण स्वतःच्या बळावर उभं राहण्याइतका तो जाड नाही. सप्टेंबरात आख्खा सडा निळा होतो तो ह्यांच्यामुळे, पण एक झाड उपटून पाहिलं तर हातात जवळजवळ काहीच येत नाही. हिला मुळं नाहीत. धाग्यांसारखं काही दिसतं खरं, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती मुळं नव्हेत.

आणि त्या धाग्यांवर असतात पिशव्या. टाचणीच्या डोक्याहूनही लहान. झाड पिशवीतलं पाणी बाहेर टाकत राहतं, त्यामुळे पिशवीच्या भिंती आत ओढल्या जाऊन ताणून राहतात. तोंडावर झडप, झडपेवर केस. ओल्या मातीतला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झडप उघडते, पिशवी फुगते आणि पाण्याबरोबर तो जीव आत. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी वेळात हे सगळं उरकतं. मग पिशवी पुन्हा पाणी काढायला लागते. हे कळल्यावर मी सड्यावर पाय कुठे ठेवते ते पाहायला लागले. पायाखाली किती झडपा असतील!

लेकीला मी शेवटी असं सांगितलं: दोघी उपाशी जागी राहतात. पुळणीतली वाळू पाणीही धरत नाही आणि खतही धरत नाही. सड्यावर तीन महिने पाणी वाहतं आणि कातळावर जी बोटभर माती आहे तिच्यातलं नत्र धुऊन नेतं. दोन्हीकडे भूक तीच. वेलीने त्यावर उपाय केला तो मुळांचा, जागोजाग मुळं, आणि मुख्य मूळ खोल ओलीपर्यंत. आसवांनी मुळंच सोडून दिली आणि शिकार धरली.

तिने विचारलं, "मग वेल सड्यावर का जात नाही?" ह्याचं उत्तर तुम्ही द्या.

जाता जाता, वेलीच्या सुकलेल्या बोंडांतून दहा बिया आणल्यात. एका बोंडात चार असतात, वर तपकिरी मखमली लव. समुद्राचं पाणी भरून बरणीत टाकल्यात. किती दिवस तरंगतात ते बघायचंय.

---

जास्वंद | ७ सप्टेंबर, रात्री १०.०२

किती सुंदर लिहिलंयस गं! फोटो टाक ना. आणि मर्यादवेल म्हणजे ती गटाराकडेची बेशरम का? फूल अगदी तसंच दिसतं.

---

कातळफूल | ७ सप्टेंबर, रात्री १०.३०

नाही गं, बेशरम वेगळी. ती झुडूप होऊन उभी राहते, पान हृदयासारखं, आणि ती आपली नव्हे, अमेरिकेकडून आलेली. पण कुळ एकच, इपोमिया. रताळंही त्याच कुळातलं. रताळ्याचा वेल फुलला की फूल बघ, धाकटी मर्यादवेलच वाटते. फोटो उद्या टाकते, आत्ता रेंज नाही.

---

रापणीचा दोर | ८ सप्टेंबर, सकाळी ६.४५

ताई, आम्ही मालवणकडचे. आमचे आजोबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला, जायचे. रापण ओढून वर आणताना दोर वेलीवरून घासू नये म्हणून ते आम्हा पोरांना ओरडायचे. "ह्या येलीक हात लावू नको, ही गेली की पुळण गेली," असं म्हणायचे. त्यांनी शास्त्र वाचलेलं नव्हतं, पण होडी कुठे ओढून ठेवायची ते वेलीवरूनच ठरायचं. वेलीच्या आत होडी असली की उधाणाला सुद्धा पाणी पोचायचं नाही.

आता जेट्टी झाली, रापणी कमी झाल्या, त्याबरोबर हे बघणंही गेलं. तुम्ही लिहिलंत आणि आजोबांचा आवाज कानात आला.

---

भातखाचर | ८ सप्टेंबर, दुपारी १.१५

एक दुरुस्ती. आसवं फक्त सड्यावरची नव्हेत. आमच्या खाचरात, बांधाच्या कडेला, भात पोटरीत असताना हीच निळी फुलं असतात. भाताच्या काडीला विळखा घालून उभी. मळ्यात पाणी तुंबून राहतं तिथे जास्त. आजी ती उपटू द्यायची नाही. म्हणायची, भाताचं काही खात नाहीत, असू देत.

शिवाय तळीत पिवळ्या फुलांची एक तरंगती जात असते, तीही ह्याच कुळातली. "सीतेची आसवं" हे नाव लोक तीनचार जातींना मिळून देतात, त्यामुळे कोणती म्हणायची ते पाकळी जवळून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

---

चिखलवाट | ८ सप्टेंबर, रात्री ८.२०

धागा आवडला. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो.

लेकीच्या "बहिणी का?" ह्या प्रश्नाचं नेमकं उत्तर नात्यांच्या झाडावर मिळतं. मर्यादवेल ज्या गणात आहे त्यात रताळ्याबरोबर बटाटा, वांगं, मिरची, टोमॅटो येतात. सीतेची आसवं ज्या गणात आहेत त्यात तुळस आणि तीळ. म्हणजे वेल वांग्याच्या घरची आणि आसवं तुळशीच्या घरची. रंग जांभळा असला म्हणून नातं होत नाही. मधमाशीला जो रंग दिसतो तो अनेक फुलांनी आपापल्या वाटेने गाठला आहे.

आता मला स्वतःला सगळ्यात आवडणारी गोष्ट. खाडीतलं तिवर घ्या. खाऱ्या पाण्यात उभं असतं, पानावर मीठ बाहेर टाकतं. पाहिलं तर वाटेल की हे मर्यादवेलीचं सख्खं, दोघांचा शेजार समुद्राचा. पण तिवर आहे तुळशीच्याच गणात, म्हणजे सीतेच्या आसवांचं नातेवाईक! खाडीच्या चिखलातलं खारं झाड आणि सड्यावरचं वीतभर फूल एका घरचं, आणि पुळणीवरची वेल दुसऱ्या घरची. वर्गात हे सांगितलं की मुलं पाच मिनिटं गप्प होतात.

उलट बाजूही बघा. सड्यावर आसवांच्या शेजारीच दवबिंदू असतात, लाल केसांवर चिकट थेंब असलेले. तेही कीटक खातात. साहजिकच दोघं एका घरचे वाटतात. पण दवबिंदू माठ आणि राजगिऱ्याच्या गणातले. एकाच सड्यावर, एकाच भुकेपायी दोन वेगळ्या घरांनी शिकार सुरू केली, एकाने झडपेने, एकाने गोंदाने. राहण्याची जागा झाडाला घडवते ती इतकी. म्हणून वनस्पती ओळखताना "कुठे उगवलंय" हे विचारावंच, पण नातं ठरवताना त्यावर विसंबू नये.

वेल सड्यावर का जात नाही? माझ्या मते तिथे मुळाला खाली जायला जागाच नाही. बोटभर मातीखाली जांभा. पावसाळ्यात वर पाणी साचलेलं, आणि वेलीला तर निचरा होणारी वाळू लागते. दिवाळीनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. वेल बारमाही आहे, तिला बाराही महिने जगायचं असतं. आसवांचं आयुष्य चार महिन्यांचं. ऑक्टोबरात ती बी टाकून मोकळी होतात. उन्हाळा काढतं ते फक्त बी, धुळीसारखं बारीक, कातळाच्या भेगेत.

---

निवांत अंगण | ९ सप्टेंबर, सकाळी ११.३०

थोडी वेगळी बाजू मांडते, रागावू नका. आमचं समुद्राजवळ घरगुती राहण्याजेवण्याचं छोटं काम आहे. येणाऱ्या पाहुण्यांना स्वच्छ मोकळी वाळू हवी असते. वेलीत प्लॅस्टिक अडकतं, बाटल्या अडकतात, मुलांच्या पायात वेल येते. दोन वर्षांपूर्वी गावाने ट्रॅक्टर लावून आख्खी पुळण साफ करून घेतली, तेव्हा आम्हीही पैसे दिले. दिसायला फार छान झाली होती.

त्या पावसाळ्यात आमच्या कुंपणापर्यंत वाळू गेली. माडाची मुळं उघडी पडली. तेव्हा आम्ही म्हटलं, समुद्र वाढला. आज हे वाचल्यावर मनात वेगळंच येतंय. खरंच वेल काढल्यामुळे असेल का?

---

खारा वारा | ९ सप्टेंबर, दुपारी ३.०५

ताई, एकट्या वेलीवर सगळं ढकलता येणार नाही. कुठे बंधारा झाला, कुठे खाडीच्या तोंडाची वाळू उपसली, त्याचाही परिणाम होतो. पण ट्रॅक्टरने टेकाडाचा उतारच सपाट झाला असेल, तर लाटेला अडवणारी वाळूची साठवण गेली. उधाण आलं की समुद्र टेकाडातली वाळू ओढून नेतो, आणि शांत दिवसांत ती परत आणून टाकतो. ती परत आलेली वाळू धरून ठेवायला वेल लागते.

प्लॅस्टिक हाताने वेचावं. आमच्याकडे आम्ही तसंच करतो. वेळ लागतो, पण वेल राहते. आणि वाळूच्या टेकड्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनांत सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या वर्गात आहेत. यंत्र लावायच्या आधी पंचायतीने हे वाचायला हवं होतं.

मी काही वर्षं कासवांच्या कामात होतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवं वाचवायचं जे काम उभं राहिलं, ते बघून आमच्या भागातले बरेच जण त्यात आले. मादी भरतीच्या रेघेच्या वर, वेलीच्या आसपासच्या मऊ वाळूत खड्डा करते. चाकांनी दाबलेल्या वाळूत तिला खणता येत नाही. परत फिरलेल्या मादीच्या खुणा मी पाहिल्यात. सरळ आलेली, थांबलेली, आणि तशीच वळलेली. तो माग विसरता येत नाही.

---

निवांत अंगण | ९ सप्टेंबर, दुपारी ४.४०

धन्यवाद. हे घरच्यांना वाचून दाखवते. ह्या वर्षी साफसफाई हाताने करूया असं पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडणार आहे.

---

कलमवाला | १० सप्टेंबर, रात्री ९.५५

सड्याबद्दल माझंही थोडं. आमची हापूसची कलमं कातळावर आहेत. वडिलांनी सुरुंग लावून खड्डे केले, खालून डोक्यावरून माती आणून भरली. त्या बागेवर आम्ही तिघं भावंडं शिकलो. तेव्हा सडा म्हणजे ओसाड, पडीक, हेच डोक्यात. सातबाऱ्यावर पण पोटखराबाच लिहिलेलं आहे. तिथे कोणी फुलं बघायला जाईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

बाग आहे त्याची मला लाज नाही. पण बागेच्या वरच्या बाजूला चार एकर कातळ मोकळा आहे आणि गेल्या वर्षी चिरेखाणवाल्याने, म्हणजे जांभ्याचे चिरे कापून विकणाऱ्याने, त्याची चांगली किंमत सांगितली. अजून होय म्हटलेलं नाही. पूर्वी तिथे गुरं चरायची. आता गावात गुरं राहिली नाहीत, गवत कमरेएवढं होतं आणि निळी फुलं पूर्वीपेक्षा कमी दिसतात. म्हणजे नुसता राखून ठेवला तरी तो सडा पूर्वीचा राहतो का, हाही प्रश्नच आहे.

---

कातळफूल | ११ सप्टेंबर, सकाळी ५.५०

दादा, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि झोप लागली नाही. म्हणून पहाटेच लिहितेय.

धागा काढला तेव्हा मला दोन फुलांची तुलना करायची होती. आता वाटतं, खरी तुलना दोन जागांची आहे. मर्यादवेल तोडली, तुडवली, तरी तिचा एक तुकडा पेरासकट वाळूत राहिला की ती परत येते. शिवाय तिचं बी समुद्रावर तरंगत कुठूनही येतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ती आहे, ब्राझीलच्या आहे, श्रीलंकेत आहे. आमच्या पुळणीवरची उद्या संपली तरी जगातून जाणार नाही.

सड्याचं तसं नाही. जांभा व्हायला लाखो वर्षं लागली. पावसाने खडकातलं जे जे विरघळतं ते धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, ते उघड्यावर घट्ट झालं. त्यावरचे उथळ खळगे, बोटभर माती, त्यात टिकलेलं धुळीएवढं बी, हे सगळं चिऱ्याबरोबर एका दिवसात उचललं जातं. खाण बंद झाल्यावर उरतो तो खड्डा. पावसात भरतो, पण त्यात आसवं येत नाहीत. त्यांना उथळ पाणी आणि भिजलेली माती लागते. आणि आसवं निदान दुसरीकडेही आहेत. दिपकाडी तर आपल्या कोकणाच्या सड्यांची, बाहेर तिला फारसं घर नाही. जूनच्या पहिल्या पावसात ती पांढरी फुलं पाहिलीत ना?

आणि वाळूच्या टेकाडाला कागदावर तरी कवच आहे. सड्याला काय आहे? सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हा पहिल्यांदा लोकांनी वर मान करून सड्याकडे पाहिलं. पण चित्राच्या चौकटीभोवती कुंपण घातलं आणि बाजूचा कातळ कापला, तर काय राखलं?

तुम्हाला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. चार एकरांची किंमत मला मोजावी लागत नाही. पण होय म्हणायच्या आधी एकदा सप्टेंबरात सकाळी तिथे उकिडवं बसा. उभ्याने ते दिसत नाही.

---

खारा वारा | ११ सप्टेंबर, सकाळी ९.१०

सड्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण "वेल परत येते" हे अर्धंच खरं, ताई. ती परत येते ती उतरती वाळू असेल तर. धूप थांबवायला दगडी बंधारा घातला की वेलीला जागाच उरत नाही. पुढे लाट, मागे भिंत. आमच्या शेजारच्या गावात बंधारा होऊन बरीच वर्षं झाली. बी येत असणारच, पण धरायला वाळू नाही. सुरूच्या बनाचंही तसंच. सावली आणि सुयांचा जाड थर, खाली वेल टिकत नाही. निसर्ग वादळात, २०२० च्या जूनमध्ये, आमच्याकडची सुरूची पुढची रांग पडली. लोक हळहळले. दुसऱ्या वर्षी त्याच उजेडात वेल आत पंधरा पावलं आली होती. मी मोजली.

---

कातळफूल | ११ सप्टेंबर, सकाळी ९.३५

मान्य. माझं विधान मागे घेते. वेल परत येते, पण तिची जागा शिल्लक असेल तरच. म्हणजे शेवटी दोघींचंही जागेवरच अडलेलं आहे.

---

कलमवाला | २८ सप्टेंबर, सकाळी ८.२०

बसलो. धाकट्या मुलीला घेऊन गेलो होतो. भाताच्या दाण्याएवढं पांढरं गेंद, लाल दवबिंदू, आणि तुमची आसवं. एका हाताच्या अंतरात आम्ही सात प्रकारची फुलं मोजली. नावं तीनचीच माहीत. माझं वय चोपन्न, जन्म ह्या बागेतला.

चिरेखाणवाल्याला ह्या वर्षी नको म्हणून कळवलं. पुढचं पुढे. शेजाऱ्याच्या चार म्हशी आहेत, त्या ऑक्टोबरानंतर चरायला सोडू का असं त्यांना विचारलंय. चिखलवाट सर, बी पडून गेल्यावर चराई झाली तर चालेल ना?

---

चिखलवाट | २८ सप्टेंबर, रात्री ९.००

बी पडल्यावर चालेल असं मला वाटतं. एक करा, अर्धा भाग चरू द्या आणि अर्धा तसाच ठेवा. पुढच्या सप्टेंबरात दोन्हीकडे हात-हात जागा मोजा. दरवर्षी त्याच जागी. पाचसहा वर्षं केलंत तर तुमच्याकडे जी माहिती असेल ती आमच्या कुणाकडे नसेल. विद्यार्थ्यांना घेऊन मी येतो मोजायला.

---

कातळफूल | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५

बरणीचा हिशेब द्यायचा राहिला होता. आज बेचाळीस दिवस झाले. दहापैकी आठ बिया अजून वर तरंगतायत. दोन आठवड्यांपूर्वी दोन तळाशी गेल्या, त्या बाहेर काढल्या. लेक म्हणाली, मेल्या. पण बीचं कवच फार टणक असतं, थोडं खरवडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही, असं वाचलं होतं. घरात खरवडायला दुसरं काही नव्हतं, म्हणून अंगणातल्या चिऱ्यावर घासल्या आणि वाळू भरलेल्या नारळाच्या करवंटीत लावल्या.

सहाव्या दिवशी एक उगवली. बीतून जी पहिली दोन दलं बाहेर आली, ती सुद्धा मधोमध दुभंगलेली. लेकीने वहीत ती काढलीयत, ह्या वेळी हिरव्या खडूने. वर सडा आता तपकिरी झालाय. आसवांचे दांडे वाळून गवतालाच विळखा घालून उभे आहेत. पाऊस संपून पंधरा दिवस झाले.